डॉक्टरताईंना विचारा : "फ्रीज आहे का?" की "इन्सुलिन कुठे ठेवता?"

गेल्या अंकात मी एक ओळ सहज लिहून गेले होते, की आजकालच्या नवीन डॉक्टरांना औषधं भरपूर येतात पण पेशंटचं घर वाचता येत नाही. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप आलेत की संपादक म्हणाले ताई या वेळी दुसरं काही घेऊच नका. काही जण चिडलेत, त्यांचंही पत्र घेतलंय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पाच पत्रं निवडलीत.

ताई, माझी मुलगी सरकारी मेडिकल कॉलेजला पहिल्या वर्षाला आहे. ह्यांना बसमध्ये घालून गावात नेतात, प्रत्येकाला कुटुंबं वाटून दिलीत, तिथे जाऊन बीपी बघा, संडास आहे का लिहा, पाणी कुठून भरता लिहा. नीटसाठी दोन वर्षं घरदार विकायची वेळ आली होती, ते काय संडास मोजायला? अभ्यास बुडतो तो वेगळाच. — एक आई, कराड

ताई, तुमचा राग कळतो. पण आधी माझीच एक फजिती सांगते, मग तुम्ही ठरवा.

माझ्याकडे एक मावशी यायच्या, पन्नाशी उलटलेल्या, बीपी वरचं १७० च्या खाली यायला तयार नाही. मी गोळीचा डोस डबल केला, मग दुसरी गोळी जोडली, मग लघवीची गोळी दिली, चार महिने हाच खेळ चालला आणि दर वेळी मी त्यांनाच ऐकवायचे की मावशी तुम्ही लोणचं-पापड खाता, पथ्य पाळत नाही. तेव्हा माझ्याकडे एक शिकाऊ पोरगा होता, तो त्यांच्या गावावरून जाताना सहज त्यांच्या घरी डोकावला. परत येऊन म्हणतो मॅडम, भिंतीतल्या देवळीत एकच स्ट्रिप आहे, एक दिवस त्या घेतात एक दिवस त्यांचे मालक घेतात. मालकांनाही बीपी! पण ते काही दवाखान्यात येणार नाहीत कारण एक दिवसाची मजुरी बुडते, वर दोघांचं एसटीचं भाडं, म्हणून बाईंनी नवऱ्याचाही इलाज माझ्याच चिठ्ठीवर चालवला होता. आणि मी शहाणी चार महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं की मावशी, स्ट्रिप किती दिवस पुरते तुम्हाला?

ही गोष्ट कुठल्या पुस्तकात नाही, ती देवळीतच दिसते. म्हणून पोरांना गावात नेतात.

आणि हे काही आजचं खूळ नाही. स्वातंत्र्याच्या आधी, १९४६ ला भोर समितीनेच लिहून ठेवलंय की भारताला 'सोशल फिजिशियन' हवाय, म्हणजे आजाराबरोबर माणसाची परिस्थिती बघणारा डॉक्टर. मग १९७७ ला 'रोम' नावाची योजना आली, प्रत्येक मेडिकल कॉलेजने तीन ब्लॉक सांभाळायचे, विद्यार्थ्यांनी तिथे शिकायचं. त्याचं पुढे काय झालं ते आमच्या पिढीला विचारा, आम्हाला तर त्या योजनेचं नाव फक्त परीक्षेत शॉर्ट नोटला पाठ असायचं. याउलट सेवाग्रामचं कॉलेज बघा, १९६९ ला सुशीला नय्यर यांनी काढलं, तिथे पहिल्यापासून प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, पोरं पंधरा दिवस गावातच मुक्कामाला असतात आणि नंतरही जात राहतात. तुमच्या मुलीला जे करावं लागतंय त्याला 'फॅमिली ॲडॉप्शन प्रोग्रॅम' म्हणतात, नॅशनल मेडिकल कमिशनने २०२१-२२ च्या बॅचपासून सगळ्या कॉलेजांना लावला, पहिल्या वर्षापासून तीच कुटुंबं धरून चालायचं.

आता तुमचं म्हणणं कुठे बरोबर आहे तेही सांगते. बऱ्याच ठिकाणी हे नुसतं फॉर्म भरण्याचं काम झालंय. बस येते, पोरं उतरतात, एका घरात आठ जण घुसतात, फोटो काढतात, लॉगबुकवर सही, परत बस. त्या घरच्या बाईने चहा ठेवेपर्यंत ही मंडळी पुढच्या घरी. असल्या भेटीतून कुणी काही शिकत नाही, उलट लोकांना वाटतं आपल्याला बघायला आलेत. कॉलेजने शिक्षक बरोबर पाठवले पाहिजेत आणि परत आल्यावर तासभर बसून बोललं पाहिजे, ते होत नसेल तर पालक म्हणून त्यासाठी भांडा, भेट बंद करा म्हणून नको.

मुलीला एक सांगा, लॉगबुकात काय लिहायचं ते लिही, पण मागच्या कोऱ्या पानावर प्रत्येक घरासाठी एकाच प्रश्नाचं उत्तर लिही : या घरात मी उद्या औषध लिहून दिलं तर ते कुठे अडकेल? पैशात, अंतरात, सासूत, दारूत, कामाच्या वेळेत, की वाचता न येण्यात. तिसऱ्या वर्षी ती पानं काढून वाच म्हणावं.

मी यंत्रमागावर कामाला आहे. शुगरसाठी डॉक्टरांकडे जातो. मागच्या खेपेला त्यांच्याजवळ एक शिकणारी मुलगी बसली होती, तिने सगळ्या लायनीसमोर विचारलं घरात किती माणसं, किती पगार, फ्रीज आहे का, घरात भांडणं होतात का. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळं 'आहे, बरं आहे' सांगून आलो. ह्यांना हे विचारायचा काय अधिकार? — इचलकरंजीहून एक वाचक

दादा, आधी तर माफी मागते, आमच्या धंद्याच्या वतीने. लायनीत विचारायला नको होतं. आणि उत्तर द्यायचं नसेल तर 'मला सांगायचं नाही' म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, त्यामुळे इलाज थांबत नाही, थांबायला नको.

पण ती मुलगी काय शोधत होती ते सांगते. तुम्हाला इन्सुलिन चालू केलं असेल तर ते उन्हाळ्यात घरात किती तापतं यावर त्याचा गुण अवलंबून. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे मध्ये काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. फ्रीज नसेल तर घाबरायचं कारण नाही, मातीच्या माठात किंवा दोन मडक्यांच्या मध्ये ओली वाळू घालून त्यात कुपी ठेवली, वर ओलं फडकं, सावलीला, तर चालू कुपी साधारण महिनाभर नीट राहते, पाणी कुपीला लागू द्यायचं नाही एवढंच. पण हे तुम्हाला कुणी सांगणार कधी? तुम्ही 'फ्रीज आहे' म्हणालात तर नाहीच सांगणार!

तसंच शिफ्टचं. रात्रपाळी, जेवण कधी दहाला कधी दोनला, आणि गोळी मात्र चिठ्ठीवर 'जेवणाआधी'. काही शुगरच्या गोळ्या अशा असतात की त्या घेतल्या आणि जेवण चुकलं की साखर धाडकन खाली, घाम, थरथर, मागासमोर चक्कर. तुमची पाळी माहीत असेल तर डॉक्टर गोळीच बदलू शकतो.

चूक विचारण्यात नव्हती, विचारण्याच्या पद्धतीत होती, आणि ही पद्धत शिकवावी लागते हेच आमच्याकडे उशिरा कळलं. मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी सांगते, 'आहे का' ने सुरू होणारा प्रश्न विचारायचा नाही. 'फ्रीज आहे का?' ला माणूस लाजेखातर हो म्हणतो. 'इन्सुलिन कुठे ठेवता?' ला तो खरी जागा सांगतो, कपाटात, चुलीशेजारी, शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये. 'काय खाता?' ला उत्तर ठरलेलं, भाजी-भाकरी. 'काल रात्री घरात काय केलं होतं?' विचारलं की कळतं ठेचा-भाकरी होती आणि बाई शेवटी जेवली. आणि दार लोटून, बाकीच्यांना बाहेर ठेवून. नवरा बरोबर असेल तर बाईला 'वजन करायला' म्हणून पाच मिनिटं एकटीला आत घ्यायचं, हा आमच्या जुन्या नर्सबाईंनी शिकवलेला डाव, कुठल्या प्रोफेसरने नाही.

पुढच्या खेपेला त्या डॉक्टरांना सरळ सांगा, साहेब मागच्या वेळी मी खोटं बोललो, लाज वाटली म्हणून. ऐकून डॉक्टर रागावला तर डॉक्टर बदला.

माझी भाची अमेरिकेत फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी करतेय. ती म्हणते तिकडे पेशंटला छापील फॉर्मच देतात, घरभाडं थकलंय का, जेवण पुरतं का, गाडी आहे का यायला. आपल्याकडे असं का नाही? — ठाणे

फॉर्मच नाही, तिकडे कोडही आहेत, आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत झेड ५५ ते झेड ६५ हा गट त्यासाठीच आहे, घर आणि पैशांच्या अडचणी झेड ५९ मध्ये. चांगली गोष्ट आहे, लाजणाऱ्या माणसाला बोलण्यापेक्षा टिकमार्क सोपा. पण भाचीला एक विचारा, 'जेवण पुरत नाही' वर टिक आली की पुढे कोण काय करतं? तिच्या क्लिनिकमध्ये सोशल वर्कर असेल तर फॉर्मला अर्थ. नसेल तर कोड लिहिला म्हणून कुणाच्या डब्यात पीठ येत नाही. आपल्याकडे नुसता फॉर्म आणायला माझा विरोध आहे, फॉर्म आपण फार भरतो, आशाताईंना विचारा.

मी सरकारी सेवेच्या बाँडवर नंदुरबार जिल्ह्यात पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) एमओ आहे. तुमचा लेख वाचून राग आला. पेशंटला विचारा म्हणता, विचारलं. टीबीचा पेशंट, वजन ३८ किलो, घरात खायला नाही म्हणतो. मग? माझ्याकडे गोळ्या आहेत, धान्य नाही. कॉलेजमध्ये कुणी हे शिकवलं नाही आणि ओपीडी रोज १०० च्या वर. जे सोडवता येत नाही ते विचारून फक्त वाईट वाटतं. — एक वैद्यकीय अधिकारी

अहो डॉक्टर, हे पत्र मी सगळ्यात आधी निवडलं. तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे, विचारायला शिकवलं आणि पुढचा रस्ता नाही शिकवला तर ते शिक्षण अर्धवट आहे आणि नवीन डॉक्टर त्यातच जळून जातो.

पण 'माझ्याकडे गोळ्या आहेत, धान्य नाही' हे वाक्य थोडं तपासू. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी 'रेशन्स' नावाचा मोठा अभ्यास केला, २०२३ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. टीबी पेशंटच्या घरातल्या माणसांना दर महिन्याला डोई ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, वर जीवनसत्त्वाच्या गोळ्या, एवढंच. घरातल्यांना नव्याने टीबी होण्याचं प्रमाण जवळपास ३९ टक्क्यांनी खाली आलं, फुप्फुसाचा टीबी तर ४८ टक्क्यांनी. आणि पेशंटचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं असेल तर मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी दिसला. म्हणजे तुमच्या ३८ किलोवाल्याला दोन महिन्यांत दोन किलो वाढवायचेत, हे टार्गेट केसपेपरवर लाल पेनाने लिहा. वजनकाटा तर आहे ना पीएचसीला? तो काटा आहे तिथे तुमचं काम धान्याशी जोडलेलंच आहे.

आता धान्य कुठून. निक्षय पोषणचे, म्हणजे टीबी पेशंटला खाण्यासाठी सरकार देतं ते पैसे आधी महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत, ते त्याच्या खात्यात येतायत का बघायला सांगा, बऱ्याचदा खातं बंद पडलेलं असतं किंवा आधार जोडलेलं नसतं आणि कुणी बघितलेलंच नसतं. रेशनकार्डावर सगळ्यांची नावं आहेत का? प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला घराला ३५ किलो, लग्न होऊन आलेल्या सुनेचं आणि लहान पोरांचं नाव चढवलेलं नसतं, ई-केवायसी राहिलेली असते, आणि दोन-तीन माणसांचं धान्य दर महिन्याला हवेत जातं. अंगणवाडीत पोरं जातात का. निक्षय मित्र म्हणून तालुक्यातलं कुणी पोषणाची टोपली द्यायला तयार आहे का.

हे तुम्ही एकट्याने करायचं नाही, १०० ची ओपीडी असताना तर अजिबात नाही. एक काम करा, एका रविवारी बसून एकच कागद बनवा. रेशनसाठी कोण, निक्षयसाठी एसटीएस म्हणजे टीबीचा सुपरवायझर कोण, महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, कुठल्या हॉस्पिटलला बसतो, तहसीलला संजय गांधी निराधारचं टेबल कुठलं, अंगणवाडीच्या सुपरवायझरबाई कोण. नाव आणि मोबाइल. टेबलाच्या काचेखाली. पेशंटला 'तहसीलला जा' म्हणणं आणि 'अमक्या भाऊंना भेट, मी फोन केलाय' म्हणणं यात किती फरक पडतो ते पंधरा दिवसांत दिसेल. फुले योजना आता राज्यातल्या सगळ्यांना लागू केलीय, ५ लाखांपर्यंत, पण ती ॲडमिट आणि ऑपरेशनची, तुमच्या ओपीडीतल्या रोजच्या गोळ्या तिच्यात नाहीत, त्या भरवशावर कुणाला ठेवू नका.

कॉलेजमध्ये हे का नाही शिकवत? कारण शिकवणाऱ्यांना स्वतःला माहीत नसतं. मी एमबीबीएस झाले तेव्हा मला दुर्मिळ सिंड्रोमची वीस नावं तोंडपाठ होती आणि रेशनकार्डाचे रंग किती ते सांगता आलं नसतं. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात प्रॅक्टिस करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरने १९७१ मध्ये लिहिलं होतं, की जिथे चांगल्या इलाजाची गरज जास्त तिथेच तो कमी मिळतो. तुम्ही बसलाय ती खुर्ची बरोबर त्याच जागी आहे. आणि तिथे बसलेल्या पोराला आपण काचेखालचा तो कागदही देत नाही, याचा राग तुम्हाला आला तर तो माझ्यावर जरूर काढा, मी लेखात फक्त 'घर वाचा' म्हणून मोकळी झाले होते.

(मधेच एक, एमबीबीएसनंतर फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी, म्हणजे एमडीसारखं पुढचं शिक्षण, करू का असं तिघांनी विचारलंय. करा. तीन वर्षं आहेत, केरळात कालिकतच्या सरकारी कॉलेजात तर एमडीही आहे. जिथे तुम्हाला त्याच पेशंटला वर्षभर परत परत बघता येईल आणि घरी जाता येईल तिथली सीट घ्या. नुसतं मेडिसिनच्या वॉर्डात सलाईन लावायला ठेवणारी सीट असेल तर नका घेऊ. पाटीवर 'फॅमिली फिजिशियन' लिहिल्यावर लोक विचारतील म्हणजे कशाचे स्पेशालिस्ट, त्याची सवय ठेवा.)

मी बीड जिल्ह्यात आशा आहे. दर सहा-आठ महिन्याला नवा डॉक्टर येतो. आम्हाला माहीत असतं कुठल्या घरात काय, पण आमचं कुणी ऐकत नाही, नुसतं रजिस्टर मागतात. आमच्या गावचे निम्मे लोक ऊसतोडीला जातात. बीपी-शुगरच्या गोळ्या जास्तीच्या द्या म्हणलं तर डॉक्टर म्हणाले नियमात महिन्याच्याच, परत या घ्यायला. कोल्हापूरच्या फडातून परत कशी येणार ती बाई? — एक आशाताई

ताई, खरंतर हे सदर तुम्ही चालवायला पाहिजे.

जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर जोडप्याने १९७० मध्ये हेच ओळखलं होतं. गावातल्या बायका, त्यातल्या कित्येक दलित, कित्येक निरक्षर, त्यांना आरोग्यसेविका बनवलं, आणि बाहेरून शिकायला येणारे डॉक्टर त्या बायकांसमोर बसून शिकायचे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना घरीच नवजात बाळ सांभाळायला शिकवलं, बालमृत्यू उतरले, ते लॅन्सेटमध्ये १९९९ ला छापून आलं. त्याच अनुभवावर पुढे देशभरातल्या आशांना घरी जाऊन बाळं बघायचं काम मिळालं. आणि आता नवा डॉक्टर त्याच आशाला रजिस्टर मागतो!

तुमच्याच जिल्ह्याचं उदाहरण सगळ्या मेडिकल कॉलेजांत शिकवायला हवं. २०१९ ला सरकारी समितीने बीडच्या ८२ हजारांच्या आसपास ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. डॉक्टरांनी फक्त 'पांढरं जातं, पोट दुखतं' ऐकलं. फडात संडास नाही, पाळीत धुवायला पाणी नाही, मोळ्या उचलायच्या, एक दिवस बसलं तर खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही, हे कुणी विचारलं नाही, किंवा विचारून सोडून दिलं. ज्या तक्रारीवर स्वच्छ पाणी, आठवडाभर गोळ्या आणि दोन दिवस विश्रांती पुरली असती त्यावर ऑपरेशन झालं. काही ठिकाणी पैशाचाही मामला होता, ते वेगळं, पण साधेसुधे भले डॉक्टरही त्यात होते.

तर गोळ्यांचं. डॉक्टरांशी भांडू नका, त्यांना तारखा द्या. त्यांना माहीतच नाही की कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, दसरा-दिवाळीला निघतात आणि एप्रिल-मेपर्यंत परत येत नाहीत, ते बिचारे पुण्यात वाढलेत. गणपतीतच एक यादी करा, कोण जाणार, कुठल्या कारखान्याला, कुठला मुकादम, कुणाला काय गोळ्या, कोण गरोदर, कुणाचा टीबीचा कोर्स चालूय. ती यादी घेऊन डॉक्टरांकडे आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे दोघांकडे जा, एकटी नको, सिस्टरांना घेऊन जा. टीबीच्या पेशंटचं निक्षय या सरकारी ऑनलाइन नोंदीवर दुसऱ्या जिल्ह्यात ट्रान्सफर होतं, निघायच्या आधी करून घ्या. बीपी-शुगरवाल्यांसाठी निदान दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या आणि उरलेल्यांसाठी कारखान्याजवळच्या पीएचसीचं नाव असलेली चिठ्ठी मागा. चिठ्ठीवर औषधाचं नाव मोठ्या अक्षरात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या, खोपीत भिजते.

आणि नवीन डॉक्टर रुजू झाला की पहिल्या आठवड्यात त्याला तुमच्याबरोबर अर्धा दिवस गावात फिरवा, मोटरसायकलवर नको, पायी. यादी मलाही पाठवा, नावं काढून. माझ्याकडे जूनमध्ये तीन नवी पोरं येतायत, त्यांना मी पहिल्या दिवशी तीच वाचायला देणार आहे.